स्पीकरच्या अंगावरचं अर्धा मिलिमीटर लाकूड

सत्तरच्या दशकातला एखादा चांगला स्पीकर आज हाती आला, तर त्याचा आतला भाग दुरुस्त करून देणारा कारागीर शोधल्यावर सापडतो. कुजलेला फोम बदलता येतो, क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर नवे बसवता येतात. अडचण येते ती बाहेरच्या लाकडाची. एका कोपऱ्याची ढलपी उडालेली असते, वर फुलदाणीच्या पाण्याचं काळं वर्तुळ असतं, खालच्या कडेचा पोपडा सुटलेला असतो. अशी जोडी पाहिली की घरचे म्हणतात, ‘यावर सनमायका लावून टाका.’ सुतार म्हणतो, ‘मशीन मारून गुळगुळीत करून देतो.’ दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात आणि दोन्हींत ते लाकूड कायमचं हातचं जातं.

कारण ते लाकूड मुळात फार थोडं असतं. आत पार्टिकल बोर्ड, प्लायवूड किंवा एमडीएफचं खोकं आणि त्यावर खऱ्या लाकडाचा चिकटवलेला पातळ ताव, म्हणजे व्हिनियर. जुन्या अमेरिकी स्पीकरवर तो साधारण ०.९ मिलिमीटर जाड असे. आज बाजारात मिळणारा ताव बहुधा ०.५ ते ०.६ मिलिमीटरचा असतो. व्हिनियरची दुरुस्ती म्हणजे ही जाडी जपत केलेलं काम. कुठलीही कृती करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा: यात माझं किती लाकूड जाणार?

अख्खं लाकूड का वापरलं नाही?

व्हिनियर म्हणजे पैसे वाचवण्याची युक्ती, असा समज आहे. स्पीकरच्या बाबतीत तो अपुरा आहे. १९५४ साली एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांच्या स्पीकरमध्ये खोक्यात कोंडलेली हवाच वूफरच्या पडद्याला स्प्रिंगसारखा आधार देत असे. त्यामुळे लहान खोक्यातूनही खोल खर्ज मिळू लागला. मात्र खोकं हवाबंद असणं ही त्याची अटच झाली.

अख्खं लाकूड ही अट पाळत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं. अमेरिकी काळा अक्रोड पूर्ण ओला असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत साधारण ५ ते ८ टक्के आकसतो, लांबीत जवळजवळ मुळीच नाही. अशा फळ्यांची पेटी केली तर काही वर्षांत सांधे उघडतात किंवा फळी तडकते. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड रुंदीत फारसे हलत नाहीत. म्हणून खोकं त्यांचं आणि रूप अक्रोडाचं, हा तोडगा निघाला. याच कंपनीचे १९५८ सालचे एआर-३ आणि १९६७ सालचे एआर-३ए हे स्पीकर अनेक लाकडांत मिळत आणि लाकडानुसार किंमत बदलत असे. तेल दिलेला अक्रोड हे त्यांतलं सर्वांत ओळखीचं रूप. १९७०च्या सुमाराला आलेला जेबीएलचा एल-१०० हाही अक्रोडाच्या व्हिनियरमध्ये घरोघरी पोचला. आपल्याकडच्या रेडिओग्रामवर आणि स्पीकरवर सागाचं व्हिनियर असे.

ताव काढण्याची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. ओंडका वाफवून किंवा गरम पाण्यात ठेवून मऊ करतात आणि मोठ्या पात्याने त्याचे काप घेतात. कापाच्या दिशेवर नक्षी ठरते. एका रीतीत डोंगरासारख्या कमानी दिसतात, तिला आपल्या प्लायवूडच्या दुकानात क्राउन कट म्हणतात. दुसरीत समांतर उभ्या रेषा दिसतात, तो क्वार्टर कट. एकाखाली एक निघालेल्या तावांची नक्षी जवळजवळ सारखी असते. चांगले उत्पादक स्पीकरच्या जोडीला असे लागोपाठचे ताव लावत. म्हणून एकाच स्पीकरला पॉलिश करून घेऊ नये. दुरुस्ती एकावर झाली, तरी शेवटचा हात दोन्हींवर एकाच वेळी फिरला पाहिजे.

आधी निदान

सर्वांत आधी ते व्हिनियर आहे याची खात्री करावी. स्वस्त स्पीकरवर लाकडाची नक्षी छापलेला प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो घासता येत नाही, त्याला रंगही धरत नाही. भिंगातून पाहिलं तर खऱ्या लाकडात बारीक छिद्रं दिसतात आणि तीच नक्षी पुन्हा पुन्हा येत नाही. मागच्या कडेला, जिथे ताव संपतो, तिथे त्याची जाडीही नजरेने मोजता येते. ही कड नीट पाहून ठेवावी. पुढे किती घासण्याची मुभा आहे हे तीच सांगते.

मग नखाने टिचकी मारत पूर्ण पृष्ठभाग तपासावा. चिकटलेल्या भागातून भरीव, बसका आवाज येतो. जिथे ताव सुटलेला आहे तिथे आवाज पोकळ, कागदी येतो. अशा जागा खडूने हलकेच आखून घ्याव्यात. डोळ्यांना एक फुगवटा दिसतो, टिचकीला त्याच्या आजूबाजूला आणखी दोन-तीन सापडतात. स्पीकर चालू अवस्थेत असेल तर त्यातून हळूहळू चढत जाणारा खर्जाचा सूर वाजवावा. एखाद्या ठराविक सुराला कडेतून झणझण ऐकू आली, तर कधीकधी ती वूफरची नसून सुटलेल्या व्हिनियरची असते.

यानंतर पॉलिश ओळखावं. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस लावावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन. चमक नाही, थर नाही, नुसतं लाकूड हाताला लागतं आणि पाण्याचा थेंब हळूहळू आत मुरतो, तर ते तेलाचं फिनिश. याची दुरुस्ती सर्वांत सोपी.

लोखंडाचा कीस आणि लोहचुंबक

कामाला हात घालण्यापूर्वी वूफर, ट्वीटर सगळं खोलून बाजूला ठेवावं. तारांच्या धन-ऋण खुणा लिहून ठेवाव्यात. हे सांगण्यामागे साफसफाईपेक्षा मोठं कारण आहे. स्पीकरमध्ये ताकदीचं लोहचुंबक असतं आणि त्याच्या अरुंद फटीत तारेचं वेटोळं हलत असतं. पॉलिश घासायला स्टील वूल वापरलं तर त्याचे केसासारखे कण थेट त्या फटीत ओढले जातात आणि मग आवाजात कायमची खरखर बसते. स्टील वूल या कामात आणूच नये. त्याऐवजी घासण्याचं नायलॉनचं पॅड वापरावं. थिनरच्या आणि पेंट रिमूव्हरच्या वाफांनी फोम, रबर आणि पडद्याचा गोंद यांनाही इजा होते. खोलून ठेवलेले भाग दुसऱ्या खोलीत झाकून ठेवलेले बरे.

पहिली पायरी धुण्याची

पन्नास वर्षांचा मळ, स्वयंपाकघरातला तेलकट थर आणि जुनं मेण मिळून लाकूड काळवंडलेलं दिसतं. मिनरल टर्पेंटाइनमध्ये मऊ फडकं भिजवून, रेषेच्या दिशेने पुसून काढावं. फडकं तपकिरी होत जातं आणि खालून अक्रोडाचा खरा रंग वर येऊ लागतो. तेलाचं फिनिश असेल तर पुष्कळ वेळा एवढ्यावरच आणि तेलाच्या नव्या हातावर काम भागतं. इथे लाकडाचा एक कणही खर्ची पडत नाही, म्हणून ही पायरी कधीही टाळू नये.

सुटलेला ताव बसवणे

ताव सुटतो तो बहुधा कडेला, कारण ओल तिथूनच शिरते. कड उचललेली असेल तर आतली धूळ आणि जुन्या गोंदाचे खडे पातळ पातीने हलकेच काढावेत. मग पांढरा लाकडी गोंद, म्हणजे आपल्याकडे १९५९पासून घराघरात पोचलेल्या फेविकॉलच्या जातीचा, आत सरकवावा. ताव दाबून बसवावा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसावा. तो तसाच वाळला तर पुढे तिथे रंग धरत नाही आणि फिक्कट डाग उरतो. त्यावर प्लास्टिकचा कागद, मग सपाट लाकडी गुटका आणि मग शिकंजा. प्लास्टिकला हा गोंद चिकटत नाही, म्हणून तो मधे हवाच. दुसऱ्या दिवसापर्यंत शिकंजा सोडू नये.

मधोमध आलेल्या फुगवट्याला धारदार ब्लेडने रेषेच्या दिशेने एकच चीर द्यावी. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने तिच्यातून गोंद आत सोडावा, बोटाने दाबत पसरवावा आणि वजन ठेवावं. आडवी चीर दिली तर ती जन्मभर दिसते. रेषेबरोबर दिलेली चीर नक्षीत मिसळून जाते.

जुना गोंद पांढऱ्या जातीचा किंवा सरस असेल तर तो उष्णतेने मऊ होतो. वर सुती फडकं ठेवून मध्यम गरम इस्त्री काही क्षण टेकवायची आणि लगेच थंड, सपाट गुटक्याने गार होईपर्यंत दाबून धरायचं. एवढ्यानेही फुगवटा बसतो. मात्र वर लॅकरचा थर असेल तर उष्णतेने त्यालाच फोड येतात. म्हणून इस्त्री फक्त तेलाच्या फिनिशवर किंवा थर काढून टाकल्यावर.

चेपलेला कोपरा

एआर-३एसारखा स्पीकर सुमारे २४ किलोंचा. घर बदलताना हातातून निसटला की कोपऱ्यावर आपटतो. आतलं पार्टिकल बोर्ड भुसभुशीत होऊन फुगतं आणि वरचा ताव तुटतो. इथे आधी आतलं खोकं घट्ट करावं लागतं. पातळ केलेला गोंद किंवा पातळ इपॉक्सी भुसभुशीत भागात मुरू द्यावी, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावलेले गुटके ठेवून शिकंज्याने मूळ जाडीवर आणावं. तुटलेला भाग इपॉक्सी आणि लाकडाचा बारीक भुसा यांच्या लगद्याने भरून वाळल्यावर कानशीने आकार द्यावा. बोर्ड पक्कं झाल्यावरच वर नवं व्हिनियर लावावं.

ठिगळ बसवण्याची कला

या कामात सर्वाधिक समाधान ठिगळात आहे, आणि सर्वाधिक काळजीही. चौकोनी ठिगळ कधीही कापू नये. रेषेला आडवी जाणारी सरळ रेघ डोळ्याला लगेच टोचते. ठिगळाचा आकार होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा ठेवावा, म्हणजे त्याच्या कडा लाकडाच्या रेषांमध्ये विरून जातात.

जखमेवर नव्या व्हिनियरचा तुकडा ठेवून तो सरकवत राहावा, जोवर त्याच्या रेषा खालच्या रेषांशी जुळत नाहीत. जुळल्या की चिकटपट्टीने पक्का करावा आणि नव्या ब्लेडने दोन्ही ताव एकदमच कापावेत. पातं उभं धरावं आणि जोर न लावता दोन-तीन हलक्या फेऱ्यांत खाली उतरावं. दोन्ही एकत्र कापल्यामुळे भोक आणि ठिगळ यांचा आकार तंतोतंत सारखा येतो. मग आतला जुना तुकडा पटाशीने उचलायचा आणि तिथे नवा बसवायचा.

इथे जाडीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. जुना ताव ०.९ मिलिमीटरचा, नवा ०.५चा, ठिगळ खड्ड्यात बसल्यासारखं दिसतं. मोह होतो तो आजूबाजूचं जुनं लाकूड घासून ठिगळाच्या पातळीवर आणण्याचा. तसं केलं तर एका रुपयाएवढ्या जखमेसाठी आख्ख्या बाजूचं अर्धं लाकूड जातं. त्याऐवजी ठिगळाखाली व्हिनियरचा आणखी एक थर द्यावा आणि ठिगळ किंचित वर राहू द्यावं. मग फक्त ठिगळ घासायचं, शेजार नाही.

नवं व्हिनियर जुन्याशी रंगाने जुळणंही अवघड असतं. अक्रोड उजेडात वर्षानुवर्षं राहून फिकट आणि सोनेरी होतो. नवा ताव त्यामानाने गडद, थंड तपकिरी दिसतो. जुन्या स्पीकरच्या तळालाही व्हिनियर असेल तर उत्तम ठिगळ तिथेच मिळतं: तीच जाडी, तेच झाड. तो भाग उजेडात आलेला नसतो, त्यामुळे थोडा गडद असतो, पण कालांतराने जुळत जातो. ब्राझिलियन रोझवूडच्या स्पीकरांना तर हाच मार्ग उरतो, कारण १९९२पासून त्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद आहे. सागाच्या बाबतीत वेगळी काळजी: साग मुळात तेलकट, म्हणून गोंद लावण्याआधी तो थिनरने पुसून घ्यावा.

डाग: पांढरे आणि काळे

पांढरं वर्तुळ म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेली ओल. लाकूड शाबूत असतं. लाखेच्या किंवा लॅकरच्या पॉलिशवर स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं फडकं झरकन फिरवलं की ते बहुधा निघतं. काळं वर्तुळ मात्र लाकडात उतरलेलं असतं. लाकडातलं टॅनिन आणि पाण्यातलं किंवा कुंडीच्या तळाचं लोखंड यांच्या संयोगातून तो शाईसारखा रंग तयार होतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण लागतं. पॉलिश काढून टाकल्यावर ते ब्रशने संपूर्ण बाजूवर सारखं लावावं, नुसत्या डागावर लावलं तर तिथे फिकट कडं उमटतं. नंतर ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्यावं. पाणी बेताचंच, कारण खाली पार्टिकल बोर्ड आहे. हे ॲसिड विषारी आहे; हातमोजे घालावेत आणि वाळलेले कण श्वासात जाऊ देऊ नयेत. पॉलिश पेपरने काळा डाग घासून काढायला जाणं म्हणजे व्हिनियरला आरपार भोक पाडणं.

घासायचं किती?

जुनं पॉलिश घासून काढू नये, विरघळवून काढावं. लाखेला स्पिरिट, लॅकरला थिनर, मेलामाइनला पेंट रिमूव्हर, हे काम उघड्या गच्चीत किंवा वारा खेळत्या जागेत करावं. लाकूड उघडं पडलं की १८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट गुटक्याला गुंडाळून हलक्या हाताने, रेषेच्या दिशेने, मग २२०, मग ३२०. सर्वांत मोठा धोका कडांना आणि कोपऱ्यांना असतो, कारण तिथे हाताचा दाब आपोआप वाढतो. कडेला चिकटपट्टी लावून मगच मधला भाग घासावा. फिरत्या पट्ट्याचं मशीन तर या कामात नकोच. त्याला अर्धा मिलिमीटर खायला काही क्षण पुरतात. एकदा खालचा बोर्ड दिसला की त्याला औषध नाही.

शेवटचा हात

घासून झालेल्या लाकडावर स्पिरिटचं फडकं फिरवावं. क्षणभर जो रंग दिसतो, साधारण तोच पॉलिशनंतर दिसणार असतो. ठिगळ वेगळं दिसत असेल तर स्टेनरने रंग जुळवण्याची हीच वेळ. आधी त्याच व्हिनियरच्या टाकाऊ तुकड्यावर, आणि दिवसाच्या उजेडात.

अक्रोडाला तेल शोभतं. उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग घेऊन फडक्याने लावावं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यावं आणि उरलेलं सगळं कोरडं पुसून काढावं. एकेक दिवस सोडून तीन-चार हात. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते दोरीवर पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवून ठेवावं.

सागाला आणि शिसवीला लाखेचं पॉलिश खुलतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या पुरचुंडीने पातळ पातळ हात देत जाणारे पॉलिशवाले आपल्या गावांत अजून आहेत. पळस, बोर आणि कुसुम यांच्या फांद्यांवर राहणारा इवलासा कीटक ही लाख बनवतो. झारखंड, छत्तीसगड हे तिचे मोठे प्रदेश, आणि विदर्भातल्या पळसाच्या जंगलांतही ती मिळते. ७८ गतीच्या जुन्या तबकड्या याच लाखेच्या मिश्रणातून दाबल्या जात. त्या काळात तबकडीच्या अंगात लाख असे आणि पेटीच्या पॉलिशमध्येही. लाखेचा मोठा गुण म्हणजे ती केव्हाही स्पिरिटने पुन्हा विरघळते. पुढच्या पिढीतल्या दुरुस्तीला लाकूड न घासता सुरुवात करता येते. मेलामाइन आणि पॉलियुरेथेन टिकाऊ खरे, पण ही सोय त्यांच्यात नाही.

पावसाळ्यात मात्र लाखेला किंवा लॅकरला हात लावू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर उतरतं आणि पॉलिश दुधाळ होतं. मुंबई-कोकणात दिवाळीनंतरचे कोरडे महिने या कामाला उत्तम.

संपूर्ण नवं व्हिनियर केव्हा?

एखाद्या बाजूचा मोठा भाग गहाळ असेल, कुणी आधीच मशीनने घासून बोर्ड उघडा पाडला असेल, किंवा बोर्ड पाण्याने इतका फुगला असेल की ताव कुठेच धरत नाही, तरच जुनं व्हिनियर उतरवावं. तेव्हाही जोडीच्या दोन्ही पेट्यांसाठी लागोपाठचे ताव दुकानदाराकडून मागून घ्यावेत. एवढी वेळ क्वचितच येते. बहुतेक स्पीकरना धुणं, गोंद, एखादं ठिगळ आणि तेलाचे हात एवढंच लागतं.

तुमच्या घरात अशी जोडी माळ्यावर पडून असेल, तर ती खाली काढा. आधी धुऊन पाहा, टिचकी मारून पाहा. आणि सुतार मशीन घेऊन दारात आला, तर ते सुरू करू देण्याआधी त्याला पेटीच्या मागची कड दाखवा. चांगला कारागीर तेवढ्यावरून समजेल आणि मशीन बाजूला ठेवील.